नाना रिकामे नाहीत

आज सकाळी कॉलनीच्या मंडळाची वार्षिक सभा झाली. सभा म्हणजे मारुतीच्या देवळासमोर दोन सतरंज्या, वीस-बावीस माणसं, आणि सभा कधी संपते याची वाट बघत मागे चुलीवर रटरटणारी शेवभाजी. अहवाल वाचून झाला, टाळ्या झाल्या. मग पुढच्या वर्षी झाडांच्या पाण्याचं कोण बघणार असा विषय निघाला आणि मागून आवाज आला, "नाना आहेत ना! रिकामेच असतात ते."

सगळे हसले. नानाही हसले.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दुपारी आडवा झालो, झोप लागली नाही. रविवार म्हणून दुकान बंद, नाहीतर एखाद्या गिऱ्हाइकावर निघाला असता राग. म्हणून इथे लिहितोय. ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढे सरका. तसेही वर्षभर तुम्ही पुढेच सरकत आलाय.

रिकामे! तीस-बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, धुळे-साक्री-पिंपळनेर करून करून गुडघे गेलेले. पहाटे पाचला उठतो. हातात खुरपं, कानावर पेन्सिल, खिशात वही. वहीत कॉलनीतल्या चाळीसच्या चाळीस रोपांची नोंद. तिकिटाचा हिशेब लावायची सवय सुटत नाही, दुसरं काय.

गेल्या जुलैत आपण ही चाळीस झाडं लावली. कडुनिंब, करंज, दोन पिंपळ, एक वड. त्या दिवशी कॉलनीत एवढी गर्दी की लग्न आहे की काय असं वाटावं. एका रोपाला अकरा हात लागलेले मी स्वतः मोजलेत, फोटो अजून सगळ्यांच्या मोबाइलात असेल. आजच्या अहवालात लिहिलंय, "४० वृक्षांची लागवड करण्यात आली." बरोबर आहे, करण्यात आली. आज त्यातली ३१ उभी आहेत हे अहवालात नाही. ते नानांच्या वहीत आहे. नऊ कशी गेली तेही आहे. तीन बकऱ्यांनी खाल्ली. एक कुणाच्यातरी गाडीच्या रिव्हर्समध्ये गेलं. दोन गटारीच्या खोदकामात. एक हळदीच्या मांडवाचा खांब रोवायला कुणीतरी उपटलं (कुणी ते नानांना माहीत आहे, सांगत नाहीत). आणि दोन नावांपुढे पेन्सिलीने लिहिलंय, "माझी चूक. पाणी जास्त झालं."

आपली चूक लिहून ठेवणारा माणूस तुम्ही मंडळात कधी बघितलाय? मी नाही बघितला.

आता मे महिन्याचं सांगतो. धुळ्यातला मे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पारा चव्वेचाळीसच्या वर, गल्ल्या सुनसान, सगळं जग कूलरसमोर. नानांनी पाळ्या लावल्या होत्या. एका घराला एक दिवस. संध्याकाळी उन्हं उतरली की आपल्या ओळीतल्या झाडांना दोन-दोन कॅन पाणी, भांडी धुतल्याचं चालेल, कूलरमधलं उरलेलं चालेल. पहिला आठवडा मोठ्या हौसेने गेला. दुसऱ्या आठवड्यापासून घरं 'बंद' व्हायला लागली. एका घरी तर नानांनी दार वाजवलं, आतून मुलगा आला, आठ-नऊ वर्षांचा, आणि एका दमात म्हणाला, "पप्पा म्हणताय की ते घरी नाहीत."

नाना काय म्हणाले असतील? चिडले नाहीत. आपल्या अहिराणीत म्हणाले, "बरं भाऊ. पप्पा उनात का सांगजो, नाना येल व्हता." म्हणजे पप्पा आले की सांग, नाना आले होते.

आणि गेले. त्या घराची पाळीही त्यांनीच केली. बघितलेल्यांनी बघितलं.

मला सांगा, हा माणूस रिकामा?

थांबा, पाणी पिऊन येतो.

हां. तर एक मुद्दा आधीच मान्य करून टाकतो, नाहीतर खाली लिहायला बसाल. नाना हेकट आहेत. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर खेकसतात, बॉल रोपावर गेला की दोन दिवस परत देत नाहीत. आणि मंडळाचा हिशेब मागायचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे, तोही मान्य. वर्षाचे सहाशे रुपये देता, विचारा की. पण ज्यांनी आज सतरंजीवर बसून 'माइकच्या भाड्यात पन्नास रुपये जास्त का' म्हणून दहा मिनिटं खाल्ली, त्यांची वर्गणी फेब्रुवारीपर्यंत आली नव्हती, एवढंच.

पोरांबद्दलही खोटं बोलणार नाही. रात्री दोन वाजता समोरच्या गल्लीतली आजी गेली, तर सकाळी सहापर्यंत सगळं सामान, खुर्च्या, चहा, नाशिकच्या नातेवाइकांना फोन, सगळं पोरांनी केलं. कुणाला सांगावं लागलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेला पूर आला तेव्हाही आमच्या इथून देवपुरातून खिचडीची पातेली गेली होती, आठवतं ना? धावून जायचं म्हटलं की आपण धावतो, खान्देशी माणसाच्या रक्तातच आहे ते. पण रोज संध्याकाळी साडेपाचला दोन कॅन उचला म्हटलं की आपल्या पायात गोळे येतात. त्याला आग नाही, पूर नाही, फोटो नाही. फक्त एक कडुनिंब आहे गुडघ्याएवढा आणि तो काही बोलत नाही.

एकदा मी नानांना म्हटलं होतं, निदान रविवारी तरी सुट्टी घ्या. तर म्हणे, "झाडले काय मालूम, आज रविवार शे म्हनीसन?"

नानांचे वडील पाटकरी होते. तरुण मंडळींना हा शब्द माहीत नसेल म्हणून सांगतो. साक्रीकडे पांझरेवर, कान नदीवर जुने बंधारे आहेत, त्यांच्या पाण्यावर फड चालायचे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी ठरलेल्या पाळीने. शेकडो वर्षं चाललेली पद्धत आहे ही, लोक बाहेरून अभ्यासाला येतात. पाणी शेतकऱ्याने आपल्या हाताने फोडून घ्यायचं नाही, पाटकरीच देणार. पिकाची राखण जागल्या करणार. आणि हंगामाआधी पाट साफ करायला सगळ्यांनी उतरायचं.

यातली खरी गंमत मला नानांनीच सांगितली, एकदा आळं करता करता. मी आपला मोठ्या कौतुकाने म्हणत होतो, की बघा नाना, तेव्हा लोक कशी निःस्वार्थ सेवा करायचे. नाना खुरपं थांबवून माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, कसली सेवा? बापाला धान्य मिळायचं. खळ्यावर प्रत्येक शेतकऱ्याने त्याचा वाटा काढून ठेवायचा. ज्याच्याशी वर्षभर भांडण, बोलणं बंद, तोसुद्धा द्यायचा, कारण पाणी त्यालाही मिळालेलं असायचं.

मी गप्प बसलो. आज सभेत ते वाक्य आठवलं आणि तिथेच रागाचा भडका उडाला. म्हणजे आपले आजे-पणजे अडाणी नव्हते. रोजचं काम रोज करणाऱ्याला त्याचा वाटा द्यावा लागतो हे त्यांना कळत होतं. आपण शिकलो, कॉलनीत आलो आणि 'स्वयंसेवक' नावाचा शब्द शोधून काढला. स्वयंसेवक म्हणजे ज्याला काही द्यावं लागत नाही. धान्य नाही, मान नाही, पाळीला हातभारही नाही. वर 'रिकामा' म्हणायची सोय.

कुणीतरी म्हणेल की जिथे लोक मनापासून करतात तिथे चालतंच ना. चालतं. आपल्याच जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवलं होतं. त्या गावाने सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलंय. पण तिथेही नियम आहेत, झाड तोडलं तर दंड आहे, आणि दंड गाव घेतं. ते खेडं आहे, आपण शहर, मान्य. पण आपल्याला ४०० हेक्टर कुठे सांभाळायचंय? ३१ झाडं आहेत बाबांनो. एकतीस.

श्रावणातली कानबाई, आपल्या खान्देशाची देवी, आठवते का? आमच्या ओळीत चार घरी बसते. रविवारी स्थापना, रोटांचा वास गल्लीभर, पुण्या-मुंबईची भाऊबंदकी घरी आलेली, रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी बायका कानबाई डोक्यावर घेऊन निघाल्या, अनवाणी, फुगड्या घालत, पांझरेपर्यंत. व्हिडिओ सगळ्यांनी काढले. मीही काढला. पण त्या दिवशी पहाटे मी दूध आणायला निघालो होतो तेव्हा अंधारात खराट्याचा आवाज आला. बघतो तर नाना. एकटे. आमच्या कोपऱ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत झाडत चाललेले, मधूनच वाकून काहीतरी वेचून पिशवीत टाकत. बाभळीचे काटे. ट्री-गार्डला पैसे नव्हते म्हणून त्यांनीच रोपांना बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं होतं, ते वाऱ्याने रस्त्यावर उडालेले. म्हटलं नाना, राहू द्या, सकाळी पोरांना सांगू. म्हणाले, "काटा मीच आनेल शेतस ना." काटे मीच आणलेत ना, म्हणे.

मी दूध घेऊन घरी आलो. खराटा हातात घेतला नाही.

हे लिहिताना राग जरा उतरलाय आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येतंय, ते मला आवडत नाहीये. पण लिहायला बसलोय तर लिहितो.

ते घर माझं होतं.

मेमधलं. 'पप्पा म्हणताय' म्हणणारा मुलगा माझा. मी आत कूलरसमोर बनियनवर बसलो होतो आणि नानांचा शब्द न् शब्द ऐकत होतो. कारणं आहेत माझ्याकडे, भरपूर आहेत. आग्रा रोडवर दिवसभर दुकानात उभं राहायचं, लग्नसराई, कंबर धरलेली, वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. सगळी खरी आहेत. थोड्या वेळाने खिडकीतून बघितलं तर सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधलेले, डोक्याला टॉवेल, आणि नाना सायकल हाताने ढकलत माझ्याच ओळीत येत होते. कॅनचा कान तुटलेला, त्याला साडीच्या काठाची चिंधी गुंडाळलेली. पाणी एकदम ओतत नव्हते. आधी आळ्यातली भुईमुगाची टरफलं हाताने बाजूला सारायची, धार अगदी बारीक सोडायची, पाणी मुरेपर्यंत टेकून बसायचं, टरफलं परत पसरायची, मग पुढचं झाड. माझी पाच झाडं. पाऊण तास.

मी खिडकीपासून मागे सरकलो, त्यांना दिसू नये म्हणून.

मुलाने नंतर विचारलं, "पप्पा, नानांना खोटं कळलं का?" मी म्हटलं, अभ्यास कर.

आणि आज सभेत मागून तो आवाज आला तेव्हा मीही हसलो होतो. सगळ्यांबरोबर. ज्याने म्हटलं त्याच्यावर मघापासून आग पाखडतोय, पण त्या बिचाऱ्याने निदान तोंडाने म्हटलं. चूक त्याचीच आहे, ते मी मागे घेत नाही. फक्त एकट्याची नाही.

जेवताना नानांच्या शेजारी जाऊन बसलो. शेवभाजी तिखट होती, त्यांच्या टकलावर घाम. धीर करून म्हटलं, नाना, यंदा पाळ्यांची वही माझ्याकडे द्या, मी बघतो. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "पहिले एक महिना पानी टाक. मंग देसू."

वही दिली नाही. बरोबरच आहे. मीही नसती दिली.

तर पहिल्या पावसानंतर आठ दिवस झाले, पावसाने दडी मारलीय हे तुम्ही बघताच आहात. उद्या सोमवार, माझी पाळी नाही, पण देवळाच्या ओळीतल्या झाडांना मी पाणी घालणार आहे, साडेपाचला. कौतुक करायला येऊ नका. यायचं असेल तर कॅन घेऊन या.

वर्गणी वाढवून पाण्यासाठी एक माणूस पगारावर ठेवावा असं माझं मत आहे, ते मी पुढच्या बैठकीत मांडणार. नानांना ते आवडणार नाही. त्यांच्याशी मी बोलीन.

आणि एक राहिलंच. कानबाईच्या वेळी मंडळाची हिरवी ताडपत्री कुणीतरी नेली आहे, मोठी, एका कोपऱ्याला पिवळं ठिगळ आहे. नानांनी आज तीन वेळा विचारलं. ज्यांच्या गच्चीवर असेल त्यांनी गुपचूप देवळात आणून ठेवावी, कुणी नाव विचारणार नाही. नानांच्या वहीत नाव आहेच.