जीटीएक्स १०६० आणि हॅकिन्टॉश: तो मेसेज चुकीचाय

परवापासून हॅकिन्टॉशवाल्यांसाठी (म्हणजे साध्या पीसीवर ॲपलची मॅकओएस चालवणाऱ्यांसाठी) एक मेसेज फिरतोय की एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीवर व्हेंच्युरा (मॅकओएस १३) टाका, एनव्हिडियाचा वेब ड्रायव्हर (मॅकसाठी एनव्हिडियाने स्वतः दिलेला, वेगळा डाउनलोड करायचा ड्रायव्हर) इन्स्टॉल करा, ग्राफिक्स मस्त चालतं. नाही चालत ओ! १०६० ज्या पिढीतलं आहे त्या पास्कल कार्डांचे वेब ड्रायव्हर हाय सिएरा म्हणजे मॅकओएस १०.१३ पर्यंतच आले, त्यानंतरच्या मोहावेपासून (१०.१४) बंदच, आणि एनव्हिडियाच्या नव्या आरटीएक्स कार्डांना तर मॅकसाठी कधी ड्रायव्हर आलाच नाही. स्क्रीन दिसते म्हणून लोकांना वाटतं झालं काम, पण डॉकची (खालच्या ॲप्सच्या पट्टीची) पारदर्शकता गेलेली असते, विंडो ओढली की अडखळते आणि अबाउट धिस मॅकमध्ये ग्राफिक्स मेमरी फक्त ७ एमबी (मी पण दोन रात्री केक्स्ट (मॅकओएसच्या ड्रायव्हर फाइल्स) बदलत बसलो होतो, उगाच). ओपनकोअरमध्ये (पीसीवर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरमध्ये) कितीही खटपट करा, जो ड्रायव्हरच नाहीये तो येणार कुठून? सरळ एएमडीचं सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड बघा, त्याचा ड्रायव्हर व्हेंच्युरातच असतो.