‘मिक्स’ कंपनीच्या कारकुनांनी चोरलेला नाही

भाचीच्या शाळेतल्या भाषणात हा मजकूर शिरला म्हणून लिहितोय, नाहीतर असले फॉरवर्ड मी न वाचताच पुसतो. दावा असा: इंग्रजांकडे मिसळण्यासाठी शब्दच नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांनी आपला ‘मिश्र’ उचलला, ‘श्र’ जिभेवर बसेना म्हणून त्याचा ‘क्स’ केला, आणि संस्कृत सर्व भाषांची जननी आहे हे खुद्द विल्यम जोन्स या अठराव्या शतकातल्या ब्रिटिश भाषापंडिताने कबूल केलं.

आधी ते कारकून. कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी. ‘मिक्स’ हे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकातच सापडतं आणि ‘मिक्स्ट’ हे विशेषण त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात. चोर जन्मायच्या आधीच चोरी!

‘क्स’ची खरी गोष्ट या थापेपेक्षा कितीतरी रंजक आहे. लॅटिनमध्ये ‘मिस्केरे’ म्हणजे मिसळणं, ‘मिक्स्तुस’ म्हणजे मिसळलेलं. ते फ्रेंचमार्गे ‘मिक्स्ट’ होऊन इंग्रजीत आलं. शेवटचा ‘ट’ लॅटिनचाच, पण इंग्रजांना तो आपल्या भूतकाळाचा प्रत्यय वाटला. तो काढून टाकल्यावर जे उरलं त्याचं त्यांनी क्रियापद केलं. म्हणजे ‘मिसळलेलं’ आधी आलं, ‘मिसळणं’ मागाहून. यात ‘श्र’ कुठे बसवायचा ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यानेच सांगावं.

आणि शब्दच नव्हता म्हणे! जुन्या इंग्रजीत ‘मेंगन’ होतं. आजचं ‘मिंगल’ त्यातलंच, रोजचं ‘अमंग’सुद्धा त्याच घरातलं.

‘मिश्र’ आणि ‘मिक्स’ नात्यातले आहेत, एवढं मात्र मान्य करावं लागतं. आपली मिसळ, लॅटिनचं ‘मिस्केरे’, ग्रीकचं ‘मिग्नुमी’, लिथुआनियनचं ‘माइशिती’ ही सगळी एकाच जुन्या धातूची पिलावळ. पण हे नातं चुलत भावंडांचं. की लिथुआनियातही कंपनीचे कारकून ‘मिश्र’ पोचवून आले होते?

राहिला जोन्स. २ फेब्रुवारी १७८६ला कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना त्याने संस्कृत ग्रीकहून निर्दोष आणि लॅटिनहून समृद्ध असल्याचं म्हटलं, हे खरंच आहे. फॉरवर्ड तेवढंच उचलतं. त्याच भाषणात पुढे तो म्हणतो की या तिन्ही भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वातही नाही. म्हणजे यांनी जननीच्या बाजूने उभा केलेला साक्षीदार संस्कृतला बहिणींच्या रांगेत बसवतोय.