मेलिंग लिस्ट चालवा म्हणे!

"अगं, ओपन सोर्स आहे, फुकट आहे. टाकून दे एखाद्या सर्व्हरवर, संध्याकाळपर्यंत चालू होईल." हे वाक्य ज्यांच्या तोंडून निघतं त्यांनी जन्मात कधी मेलिंग लिस्ट उभी केलेली नसते. पैज लावायला तयार आहे मी.

काम तरी काय असतं? एका पत्त्यावर मेल आला की तो यादीतल्या सगळ्यांना पाठवायचा. कुणाला यादीत यायचं असेल तर घ्यायचं, जायचं असेल तर सोडायचं, आणि जुने मेल कुठेतरी जपून ठेवायचे. संपलं. लिस्टसर्व्ह नावाचं सॉफ्टवेअर १९८६ साली हे करत होतं. मेजरडोमो १९९२ साली, पर्ल भाषेतल्या काही स्क्रिप्टांवर, हेच करत होतं. त्यानंतर कॉम्प्युटर कुठल्या कुठे गेले, आणि तेच काम करायला आज मला अख्खा कारखाना मांडून बसावं लागतं.

मेलमॅन घ्या, लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर. जुनं मेलमॅन २ निदान एका डब्यात यायचं. कुरूप होतं, दर महिन्याला सगळ्या सदस्यांना त्यांचे पासवर्ड उघडेवाघडे मेलने पाठवायचं (हो, खरंच पाठवायचं, आणि लोकांना त्यात काही गैर वाटत नव्हतं), पण चालायचं. ते पायथन भाषेच्या २ या आवृत्तीवर होतं. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, डेबियन या लिनक्स प्रणालीने ११ व्या आवृत्तीत जुनं मेलमॅन काढून टाकलं, आणि सगळ्यांना सांगितलं की आता ३ वर या. या म्हणजे कुठे या? मेलमॅन ३ हा एक प्रोग्राम नाहीच. मेल वाटणारा कोअर वेगळा, सदस्यांसाठी वेब पान दाखवणारा पोस्टोरियस वेगळा, जुने मेल साठवणारा हायपरकिटी वेगळा, कोअर आणि हायपरकिटी यांची गाठ घालून देणारा प्लगइन आणखी वेगळा. वेबचा भाग जँगो या पायथनच्या वेब चौकटीवर. त्याच्या खाली डेटाबेस, पुढे वेब सर्व्हर, बाजूला शोधासाठी इंडेक्स, मागे पार्श्वभूमीची कामं करणारी रांग. कोअर ८००१ पोर्टवर (सर्व्हरच्या दारावर) ऐकतो, मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स त्याला ८०२४ पोर्टवर मेल देतो, आणि यातल्या प्रत्येकाची कॉन्फिग फाइल वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या धाटणीची.

हायपरकिटीने त्या प्लगइनला ओळखावं म्हणून एक गुप्त किल्ली दोन फाइलींत तंतोतंत तीच लिहायची असते. एका ठिकाणी शेवटी एक मोकळी जागा जास्त पडली तर काय होतं? मेल सदस्यांना जातो, पण साठ्यात येत नाही. पडद्यावर चकार शब्द नाही. कुणीतरी महिनाभराने विचारतं, "ती चर्चा दिसत का नाही?" तेव्हा कळतं. आणि जँगोच्या डेटाबेसमध्ये साइटचं नाव बदलायचं राहिलं तर नवीन सदस्यांना जाणाऱ्या मेलात एक्झाम्पल डॉट कॉम झळकतं. मालकाचा पत्ता म्हणून मुळात "चेंजमी अ‍ॅट एक्झाम्पल डॉट कॉम" भरलेलं असतं. अरे, हे बदलल्याशिवाय सुरूच होऊ नकोस ना! दोन ओळींची तपासणी आहे. ती नाही करायची. निमूटपणे सुरू व्हायचं आणि निमूटपणे चुकीचं चालायचं.

माझा राग किचकटपणावर नाही. किचकट गोष्टी मी पुष्कळ चालवल्यात. राग या निमूटपणावर आहे. एखादा मेल पोचला नाही तर या साखळीतली एकही कडी "माझ्याकडे अडकलाय" असं म्हणत नाही. पोस्टफिक्सचा लॉग, म्हणजे नोंदवही, म्हणतो, मी पुढे दिला. कोअरचा लॉग म्हणतो, मी स्वीकारला आणि बाहेर पाठवला. बाहेर पाठवणारा पुन्हा पोस्टफिक्सच. तो म्हणतो, समोरच्याने २५० ओके, म्हणजे "घेतला", असं उत्तर दिलं. समोरच्याने २५० ओके देऊन मेल स्पॅमच्या डबक्यात ढकलला, पण ते तो कशाला सांगेल? घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायला मी तीन-चार लॉग शेजारीशेजारी उघडून मेसेज आयडी जुळवत बसते. आणि सदस्य फोन करून विचारतो, "लिस्ट बंद केली का?"

बरं, सॉफ्टवेअर एकदाचं उभं राहिलं म्हणून सुटलात असं नाही. आता बाहेरच्या जगाने तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा. भाड्याने सर्व्हर घेतला तर कंपनीने मेल बाहेर पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवलेलं. ते उघडायला अर्ज करा, कारण लिहा, आम्ही स्पॅम पाठवणार नाही अशी शपथ घ्या. मिळालेला आयपी पत्ता आधी कुणा भामट्याकडे होता, म्हणून तो दोन-तीन काळ्या याद्यांत आधीच. त्याने केलेल्या घाणीचं प्रायश्चित्त तुम्ही घ्या. पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावा, एसपीएफ (आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचा याची यादी) लावा, डीकिम (मेलवरची डिजिटल सही) लावा, डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं याची सूचना) लावा. चारही लावलेत, तपासणीच्या पानावर सगळं हिरवं दिसतंय, आणि तरीही एक बडी मेल कंपनी आमचे मेल स्पॅममध्ये टाकते. का? कळायला मार्ग नाही. तिथे माणूसच नाही. फॉर्म आहे. फॉर्म भरला की आपोआप उत्तर येतं की आम्ही उत्तर देत नाही.

आणि डीमार्क! मेलिंग लिस्टच्या मुळावर उठलेली गोष्ट कुठली असेल तर ही. डीकिम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर, मजकुराला कुणी हात लावला की फुटणार. आणि मेलिंग लिस्टचा तर धर्मच हात लावण्याचा. विषयाच्या आधी चौकटी कंसात लिस्टचं नाव घालायचं, खाली तळटीप चिकटवायची. मोहर फुटली. एसपीएफ तर आधीच गेलेलं, कारण मेल आता मूळ सर्व्हरवरून येत नाही, माझ्या सर्व्हरवरून येतो. तोवर चालून जात होतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केलं की आमच्या पत्त्याने आलेला आणि तपासणीत नापास झालेला मेल सरळ नाकारा. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केलं. एका फटक्यात जगभरच्या लिस्ट मोडल्या.

मोडल्या कशा ते बघा, कारण हा किस्सा मला अजून पचत नाही. याहूवरून एक सदस्य लिस्टला मेल लिहितो. तो बाकीच्यांकडे जातो. ज्यांचे सर्व्हर याहूचं म्हणणं मानतात ते तो नाकारतात. नकार माझ्या लिस्टकडे बाउन्स म्हणून परत येतो. मेलमॅन काय समजतं? की ज्यांच्याकडून बाउन्स आला त्यांचेच पत्ते खराब आहेत. त्यांच्या नावावर गुण चढत जातात, मूळ सेटिंगप्रमाणे पाच झाले की त्यांचं सदस्यत्व स्थगित. लिहिणारा मजेत. ज्यांनी काहीच केलं नाही, नुसते यादीत बसून होते, ते बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

यावर उपाय काय निघाला? लिहिणाऱ्याचं नाव पुसायचं. म्हणजे "प्रेषक" या जागी माणसाचा पत्ता काढून लिस्टचा पत्ता घालायचा, आणि शेपटाला "अमुकतमुक, लिस्टमार्फत" असं जोडायचं. आता लोकांच्या पत्त्यांच्या वहीत दहा वेगवेगळ्या माणसांच्या नावापुढे लिस्टचा पत्ता साठतो. मग कुणीतरी मैत्रिणीला खाजगी म्हणून लिहितं ते सगळ्या यादीला जातं, आणि बोंब माझ्या नावाने. २०१९ मध्ये एआरसी नावाचं आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचं कागदपत्र, आलं. मधल्या हाताने "माझ्याकडे आला तेव्हा मेल ठीक होता" अशी साक्ष द्यायची. छान कल्पना. पण साक्ष कुणाची मानायची हे समोरचा ठरवणार, आणि माझ्यासारख्या किरकोळ सर्व्हरची साक्ष कोण मानतंय?

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ढिगाने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी आवळले. गूगलच्या हिशोबात दिवसाला ५,००० मेल त्यांच्याकडे पाठवणारा मोठा. एका क्लिकवर बाहेर पडायची सोय हवी, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. जाहिरातींचा मारा करणाऱ्यांसाठी हे योग्यच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण चर्चेच्या लिस्टवर तक्रार कोण करतं? ज्याने स्वतः नाव नोंदवलं, नंतर कंटाळा आला, आणि बाहेर पडायची लिंक शोधण्याऐवजी "स्पॅम" बटण दाबलं तो! ते बटण त्याला जवळ पडतं. दोनशे लोकांच्या लिस्टला त्याने फासलेलं काळं पुसायला मला आठवडे लागतात.

बाहेर पडायची लिंक हाही एक तमाशाच. तळटिपेत प्रत्येकाची खास लिंक घातली की कुणीतरी उत्तर देताना अख्खा मेल तळटिपेसकट खाली ठेवून देतं. दुसरा कुणीतरी ती लिंक दाबतो आणि पहिलाच यादीतून उडतो. शिवाय काही कंपन्यांचे विषाणू तपासणारे प्रोग्राम मेलातल्या सगळ्या लिंका आपणहून उघडून बघतात. मग माणसाला पत्ताही नसताना तो बाहेर. याच भानगडीसाठी २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ आलं, की नुसती लिंक उघडली म्हणून काढू नका, खास विनंती आली तरच काढा. नियम शहाणा आहे. तो माझ्या आवृत्तीत आहे की नाही, त्यासाठीच्या हेडरला (मेलच्या माथ्यावरच्या ओळीला) डीकिमच्या सहीत घेतलंय की नाही, हे बघणार कोण? मीच.

आणि लिंक इतकी ठळक असूनही "कृपया माझे नाव काढावे" हा मेल सगळ्या यादीला येतोच. त्याला "माझेही" अशी उत्तरं येतात. मग एक सज्जन सगळ्यांना उद्देशून लिहितात की सगळ्यांना उद्देशून लिहू नका. एवढ्यात कुणाची तरी "मी सुट्टीवर आहे" ही यांत्रिक पोचपावती यादीवर येऊन पडते. तांत्रिक भागाचं मी कसंतरी निभावून नेते, पण या चौघांपुढे हात टेकले.

जुने मेल नव्या घरी आणायचा प्रकार तर बोलूच नये. एमबॉक्स या सगळे मेल एकापाठोपाठ साठवणाऱ्या फाइलीत नवा मेल सुरू झाल्याची खूण म्हणजे "फ्रॉम" आणि एक मोकळी जागा. कुणाच्या मजकुराची ओळच त्या शब्दाने सुरू झाली असेल तर एकाच मेलाचे दोन तुकडे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जुना यूटीएफ८ (अक्षरं साठवायची पद्धत) ठेवला असेल तर पहिल्या इमोजीला आयात अडखळते, कारण तो यूटीएफ८ तीनच बाइटांचा, आणि इमोजीला चार लागतात. मराठी मजकुराची तर जुन्या मेलमॅननेच वाट लावलेली. लिस्टची भाषा इंग्रजी ठेवली असेल तर साध्या डायजेस्टमध्ये (अनेक मेल एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग. सदस्याने तीन परिच्छेद खपून लिहिलेले, आणि बाकीच्यांना दिसतंय काय, तर ????? ??? ????.

हे लिहितेय तेव्हा रांगेत मेल तुंबलेले आहेत. समोरून उत्तर आलंय ४२१, नंतर प्रयत्न करा. नंतर म्हणजे कधी, याचा खुलासा नाही. पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करत राहील. उशीर होतोय हे पाठवणाऱ्याला मध्ये कळवणार नाही, कारण ती सूचना मुळातच बंद ठेवलेली असते. पाचव्या दिवशी सगळे बाउन्स एकदम परत येतील, आणि मेलमॅन ते यादीत गुपचूप बसलेल्या सदस्यांच्या नावावर मांडायला घेईल.