बुडता बुडेना

मी पोहायला शिकलो आजोळच्या विहिरीत. मामांनी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला, "घाबरू नकोस, डबा बुडत नसतो" म्हणाले आणि दिलं ढकलून. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा एकदा माझ्या पाठीला डबा बांधला गेला. हा डबा अ‍ॅल्युमिनियमचा होता, त्यात 200 बार दाबाची हवा कोंबलेली होती आणि तो मी बुडावं म्हणून बांधला होता. वर पैसेही आम्हीच मोजले होते.

झालं असं, की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेकीनं आम्हाला बालीला धाडलं. बालीत देवळं आहेत, भातखाचरं आहेत, पाय दाबून देणाऱ्या बायका आहेत. पण हिला मोबाइलवर तुलांबेनचं बुडालेलं जहाज सापडलं. "अहो, किनाऱ्यापासून जेमतेम तीस मीटरवर आहे. चालत पाण्यात शिरायचं. होडी लागत नाही." मालवणला मला होडी कशी लागली होती, हे तिच्या लक्षात होतं.

जहाजाचं नाव लिबर्टी. अमेरिकी सैन्याचं मालवाहू जहाज, 1918 सालचं. जानेवारी 1942 मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीनं त्याला टॉर्पेडो मारला. ओढत सिंगराजाच्या बंदरात न्यायला निघाले, पण पोटात पाणी फार झालं म्हणून वाटेत तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. तिथं ते 21 वर्षं नुसतं बसून होतं. मग 1963 मध्ये शेजारचा आगुंग ज्वालामुखी खवळला आणि त्या हादऱ्यांनी सव्वाशे मीटरांचं ते धूड घरंगळत पाण्यात गेलं. म्हणजे टॉर्पेडो खाऊनही जे बुडलं नाही, त्याला बुडवायला अख्खा ज्वालामुखी लागला. मला या जहाजाबद्दल पहिल्यापासून आपुलकी वाटली.

तब्येतीचा फॉर्म भरताना सुटू अशी आशा होती. पण हिनं डॉक्टरांची चिठ्ठी पुण्याहूनच आणली होती.

मग तो रबरी पोशाख. भरल्या कारल्यात मसाला कोंबतात, तसा मी त्यात कोंबला गेलो. चेन पाठीवर, ती ओढायला ही आणि आमचे प्रशिक्षक गुरुजी. "पोट आत, श्वास धरून ठेवा," ही म्हणाली. त्यावर गुरुजी ताडकन म्हणाले, "श्वास कधीही धरायचा नाही!" माझी पंचाईत झाली. दोन वर्षं रोज सकाळी ही माझ्याकडून कुंभक करून घेते आहे. पाण्याखाली दम धरणं हाच काय तो माझा अभ्यासाचा विषय, आणि इथं पहिलाच नियम उलटा. कारण मात्र पटलं: दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो, त्यामुळे तिथं भरलेली छातीभर हवा वर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. कोंडून ठेवलीत, तर फुप्फुस फाटतं. पोशाखाची चेन शेवटी पोट बाहेर ठेवूनच लागली, कशी ते विचारू नका.

खरी अडचण मिशीची निघाली. पाण्यातला चष्मा नाकही झाकतो, त्यामुळे त्याची रबरी कड ओठावर घट्ट बसायला हवी. केसांच्या फटीतून पाणी आत शिरतं. गुरुजींनी माझ्या मिशीकडे, वाटेत आडव्या पडलेल्या झाडाकडे बघावं तसं पाहिलं. मग व्हॅसलिनची डबी काढली आणि बोटभर घेऊन मिशीत चोळली. परपुरुषानं भर किनाऱ्यावर आपल्या मिशीला लोणी लावणं हा प्रसंग कुणावर येऊ नये. नंतर म्हणाले, "आता काचेवर थुंका." काच धुकटू नये म्हणून. थुंकलो. दंड झाला नाही, यानंच बरं वाटलं.

किनारा काळ्या गोट्यांचा, लहान कलिंगडाएवढ्या. पाठीवर वजन घेऊन त्यावरून चालणं म्हणजे बटाट्यांच्या ढिगावरून वरात नेणं. आणि माझ्या शेजारून एक पन्नाशीची बाई साध्या चपला घालून, डोक्यावर एक सिलिंडर आडवा ठेवून, हात मोकळे सोडून गेली. गाववाल्या बाया हे रोज करतात. मी नजर खाली ठेवली. गोटे बघायचेच होते.

पाण्यात शिरलो आणि तरंगलो. गुरुजींनी कमरेला शिशाची दोन वजनं लावली. तरंगलो. आणखी दोन. तरीही मी बुचासारखा वर. "चरबी तरंगते," गुरुजींनी शास्त्र सांगितलं. ही एव्हाना खाली जाऊन वर बघत होती. सातव्या वजनाला मी नमलो.

खाली कानात दडे बसले. नाक चिमटीत धरून फुंकलं की टुक्‌ करून सुटायचे, की पुढचा मीटर. आणि मग निळ्या धुक्यातून एकदम ते उभं राहिलं. लोखंड कुठलं आणि प्रवाळ कुठलं, कळेना. बरगड्यांमधून मासे ये-जा करत होते. काळ्या वाळूत उदबत्त्या खोचाव्यात तशा बारक्या वामी उभ्या होत्या. जवळ गेलं की एकेक विझल्यासारखी आत. हिची लाल नखं काळपट दिसायला लागली, मी घाबरून तिचा हात धरला. तर पाणी लाल रंग आधी गिळतं, इतकंच. हात मात्र सोडला नाही.

तेवढ्यात डोक्यावरून हजारभर चंदेरी माशांचा भोवरा फिरत गेला. मी खूश होऊन गुरुजींना अंगठा दाखवला. गुरुजींनी माझा दंड धरला आणि वर न्यायला लागले. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'झकास' नव्हे, 'वर चला'. झकासला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. हे किनाऱ्यावर शिकवलं होतं. पण आनंद झाला की माझा अंगठा आपोआप वर होतो. तीनदा झाला, तीनदा दंड धरला गेला. हिला खुणा शिकवाव्याच लागल्या नाहीत. नातेवाइकांच्या पंगतीत 'तिसरी जिलबी घेऊ नका' हे पंचवीस वर्षं ती डोळ्यांनीच सांगते आहे.

अडतिसाव्या मिनिटाला माझ्या डब्यातल्या हवेचा काटा 50 बारवर आला. हिचा 110. कुंभकाचा तास नेमका कुणाच्या अंगी लागला, ते दिसलंच.

किनाऱ्यावर मी गोट्यांवरून चार पायांवर आलो. तीच बाई माझा सिलिंडर काढून डोक्यावर ठेवून निघूनही गेली. गुरुजी हिला सांगत होते, पहाटे आलात तर कपाळावर टेंगूळ असलेले मोठाले पोपटमासे दिसतात, कळपानं. मी तातडीनं नियम काढला: "पाण्यातून आल्यावर 18 तास विमानात बसायचं नसतं. धोका असतो. उद्या नकोच."

"विमान परवा रात्री आहे," ही म्हणाली. "मिशी तेवढी आज उतरवा."