‘छुपे खर्च’ या अभिप्रायाला उत्तर: गॅलापागोसमधल्या चौदाशे डॉलरांचा हिशेब

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला, दोन तारे आणि त्याखालचा सगळा मजकूरही. मे महिन्यात तुम्ही दोघं, सासूबाई आणि चिरंजीव असे चौघं आमच्या सहल कंपनीमार्फत इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर जाऊन आलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोटेशनच्या वर तिथे आणखी चौदाशे डॉलर गेले, हे खर्च आम्ही लपवले, बोटींचे पैसे पुन्हा पुन्हा मोजावे लागले, टीसीएसच्या (पॅकेजच्या रकमेवर सरकारसाठी गोळा होणाऱ्या कराच्या) नावाखाली आम्ही जादा रक्कम काढली आणि दुसरी एक कंपनी हीच सहल बरीच स्वस्तात देत होती. सासूबाईंचे बोटीत हाल झाले, हेही तुम्ही लिहिलंय. ते वाचून खरंच वाईट वाटलं. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी चौदाशे डॉलर बघू, कारण तो आकडा बरोबर आहे. गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क माणशी 200, चौघांचे 800. इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरून बेटांच्या विमानात बसण्याआधी घ्यावं लागणारं ट्रान्झिट कार्ड माणशी 20, म्हणजे 80. बेटांमधल्या स्पीडबोटी माणशी 35, असे तीन टप्पे, चौघांचे 420. इसाबेला बेटाच्या धक्क्यावर परदेशी पाहुण्यांकडून घेतात ते माणशी 10, एकूण 40. बाल्ट्रा बेटावरच्या विमानतळावरून अरुंद सामुद्रधुनीपर्यंतची बस 5 आणि पलीकडे सांता क्रूझ बेटावर नेणारी फेरीबोट 1, चौघांचे 24. तिथून गावापर्यंत टॅक्सी. आणि धक्क्यापासून नांगरलेल्या बोटीपर्यंत नेणाऱ्या वॉटर टॅक्सीचे एक-एक डॉलर. बेरीज करून बघा, चौदाशेच्या आसपासच येते. यातला एकही डॉलर आमच्याकडे आला नाही, आणि यातली एकही बाब कोटेशनच्या दुसऱ्या पानावर नाही असं नाही. ‘तिथे स्वतः रोख भरायच्या रकमा’ या मथळ्याखाली हीच यादी आहे. तेवढंच पान आम्ही वेगळ्या रंगात छापतो.

मग हे पैसे पॅकेजमध्येच का घेत नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. उद्यानाचे पैसे बेटावर उतरल्यावर, पासपोर्ट दाखवून, ज्याचे त्याने भरायचे असतात. ते आम्ही इथे रुपयांत गोळा केले, तर विनिमय दराच्या चढउताराची तजवीज म्हणून थोडे वर धरावे लागतील, पॅकेजची रक्कम फुगेल आणि त्यावरचा करही वाढेल. शेवटी तुम्हालाच जास्त पडेल.

200 डॉलर ही रक्कम जड आहे, हे मी नाकारत नाही. जुनी प्रवासवर्णनं वाचून जाणाऱ्यांच्या डोक्यात अजून 100 चा आकडा असतो. 1998 पासून तोच दर होता. 1 ऑगस्ट 2024 पासून तो दुप्पट झाला. इक्वेडोरच्या स्वतःच्या नागरिकांनाही 6 ऐवजी 30 द्यावे लागतात. 12 वर्षांखालच्या परदेशी मुलांना निम्मे, म्हणजे 100. चिरंजीवांचे पूर्ण 200 घेतले याचा तुम्हाला राग आलाय, पण बुकिंग केलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि एप्रिलमध्ये बारा पूर्ण झाले. खिडकीवरचा माणूस पासपोर्टवरची जन्मतारीख बघतो, आमच्या बुकिंगची तारीख नव्हे. हे आम्ही फोनवर सांगितलं होतं, आणि तुम्ही हसून ‘महागात पडला वाढदिवस’ असं म्हणाला होतात.

खिडकीवर फोरेक्स कार्ड चाललं नाही आणि सहप्रवाशाकडून उसने घ्यावे लागले, तो प्रसंग अवघड झाला असणार. म्हणूनच त्या मथळ्यात ‘रोख’ हा शब्द आहे. इक्वेडोरचं चलन 2000 पासून अमेरिकन डॉलरच आहे, त्यामुळे इथून नेलेल्या नोटा थेट चालतात. फक्त शंभराची नोट उद्यानाच्या खिडकीपुरती ठेवावी. दुकानात आणि बोटीवर ती सुटी करायला कोणी तयार होत नाही. पाच, दहा आणि वीसच्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या नोटा जवळ असाव्यात. एटीएमची कामं सांता क्रूझ किंवा सान क्रिस्तोबाल या बेटांवर उरकावीत, इसाबेलावर त्या भरवशावर राहू नये.

आता बोटी. माझ्या मते तुमच्या खर्चाचं आणि सासूबाईंच्या त्रासाचंही मूळ इथे आहे. गॅलापागोसचा हिशेब लोक दिवसांवर मांडतात, तो बेटांवर मांडायला हवा. राहण्या-जेवण्याचा खर्च कुठल्याही बेटावर साधारण सारखाच. मुख्य भूमीपासून जवळपास 1000 किलोमीटरवर बहुतेक सगळं जहाजाने किंवा विमानाने येतं, त्यामुळे तिथे स्वस्त असं फारसं काही नाहीच. पण एक बेट वाढलं की बोटीचं भाडं वाढतं, सामानाची चढउतार वाढते आणि दिवसाचा मोठा तुकडा जातो. शिवाय रोजच्या बोटींचं जाळं सांता क्रूझभोवती आहे. इसाबेलाहून सान क्रिस्तोबालला जायचं तर आधी सांता क्रूझला यायचं आणि तिथून दुसरी बोट धरायची. प्रत्येक टप्पा दोन-अडीच तासांचा. तुम्ही ज्याला दोनदा पैसे घेणं म्हणता, ते हे दोन टप्पे. भाडं दोन्हींचं वेगळं, बोटीही वेगळ्या.

आमच्या पहिल्या आराखड्यात दोनच बेटं होती: बाल्ट्राला उतरून सांता क्रूझ, एका बोटीने सान क्रिस्तोबाल आणि तिथूनच परतीचं विमान. इसाबेला तुमच्या आग्रहाने वाढवलं. त्या एका बेटाचा जाण्यायेण्याचा आणि धक्क्याचा खर्च माणशी 80, चौघांचे 320 डॉलर. तुम्ही चूक केलीत असं मी मुळीच म्हणणार नाही. इसाबेला मला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडतं. सिएरा नेग्राचं ते प्रचंड ज्वालामुखीचं तोंड आणि गावाला लागून असलेल्या तळ्यातले फ्लेमिंगो यासाठी 320 डॉलर जास्त नाहीत. पण वयस्कर माणूस सोबत असताना या लहान, उघड्या, लाटांवर आपटत जाणाऱ्या बोटी जितक्या कमी तितकं बरं, हे तेव्हाही सांगितलं होतं. मे महिन्यात समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. जुलै ते ऑक्टोबरमध्ये गेला असतात तर हाल अधिक झाले असते. बेटांमध्ये आठ-नऊ आसनी विमानंही उडतात, भाडं बोटीच्या कितीतरी पट आणि सामानाची मर्यादा कडक. तरी सासूबाईंसारख्या प्रवाशासाठी तो पर्याय मनात ठेवावा.

‘एका दिवसाच्या बार्तोलोमे फेरीला माणशी 200 च्या वर, आणि प्राणी तर फुकटच्या किनाऱ्यावरही दिसले’, हे (बार्तोलोमे या छोट्या बेटाच्या सहलीबद्दलचं) तुमचं वाक्य मला आवडलं, कारण ते अगदी खरं आहे. बेटांची 97 टक्के जमीन उद्यानात येते आणि तिथल्या बहुतेक ठिकाणी परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकता येत नाही. एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त 16 माणसं. चाळीस जणांची बोट भरून दर खाली आणायची सोय तिथे नाही, म्हणून दिवसाच्या फेऱ्या महाग. त्या रोज करायच्याच नसतात. एक-दोन नीट निवडाव्यात आणि बाकीचे दिवस पायी फिरावं. सांता क्रूझवरच्या पुएर्तो आयोरा गावाहून तोर्तुगा बे या किनाऱ्यापर्यंत अडीच किलोमीटरची बांधीव वाट आहे, नोंदवहीत नाव लिहायचं आणि चालायला लागायचं. (पोहायचं मात्र आतल्या शांत खाडीतच, बाहेरच्या किनाऱ्यावर प्रवाह ओढतो.) सान क्रिस्तोबालवर समुद्रसिंह गावातल्या बाकांवर झोपलेले असतात, त्यांना तिकीट नाही. इसाबेलावरच्या कोंचा दे पेर्ला या खाडीत धक्क्याजवळ पाण्यात उतरून मासे आणि कासवं बघता येतात. तुमचे हे तीन दिवस आराखड्यात ‘मोकळा दिवस’ म्हणून होते, आणि अभिप्रायात तुम्ही सगळ्यांत कौतुकाने लिहिलंय ते त्याच दिवसांबद्दल.

दुसऱ्या कंपनीचं कोटेशन मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. पण पुढे कोणाचंही कोटेशन हातात आलं तर तीन गोष्टी विचारा: उद्यानाचे 200 धरलेत का, बोटीचे टप्पे किती आणि कोण भरणार, आणि मार्गदर्शकासह फेऱ्या नेमक्या किती. आमच्या रकमेत बार्तोलोमेची फेरी, मुख्य भूमीवरून जायचं-यायचं विमान आणि सगळ्या रात्रींचा मुक्काम होता. एखादा आकडा बराच लहान दिसत असेल तर बहुधा यातलंच काहीतरी त्याच्या बाहेर असतं.

हे वाचणाऱ्या आणि निघायच्या तयारीत असलेल्यांसाठी: एका प्रौढ माणसाने दोन बेटं, एक बोट आणि बाल्ट्राहून गावापर्यंतचा प्रवास धरला, तर पॅकेजव्यतिरिक्त हातात किमान 275 डॉलर रोख असायला हवेत. हे फक्त शुल्क आणि भाड्याचे. जेवण, फेऱ्या आणि ऐनवेळी सुचणाऱ्या गोष्टी वेगळ्या. अमेरिकेमार्गे विमान बदलत असाल तर नुसत्या ट्रान्झिटलाही तिथला व्हिसा लागतो, तो खर्च आणि वेळ आधीच धरा. बेटांवर जाताना सामान तपासतात. ताजी फळं, भाज्या आणि बिया काढून घेतात.

राहिलं टीसीएस. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो गोळा करणं आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे. ते पैसे आम्ही ठेवत नाही, तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा होतात. आयकर खात्याच्या तुमच्या वार्षिक करनोंदीत (26एएस) ती नोंद दिसेल, आणि विवरणपत्र भरताना तुमच्या करातून वळती होईल किंवा परतावा म्हणून परत येईल. सहलीच्या खर्चातून ही रक्कम वजा करूनच तुमची बेरीज बघा. टीसीएसचं प्रमाणपत्र बुकिंगच्या वेळी दिलेल्या ईमेलवर आज पुन्हा पाठवलंय. विवरणपत्र भरायच्या आधी ते तुमच्या सीएंकडे द्या.