काकू, बिलांची पिशवी द्या फक्त

आज १८ तारीख. परवा ३बीची, म्हणजे जीएसटीच्या रिटर्नची मुदत, म्हणून करसल्लागाराकडे गेले होते. विचारलं एवढंच, की वायरच्या एका बिलावरचे जीएसटीचे ७,५६० रुपये २बीमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यांच्या रिटर्नवरून आपल्या खरेदीवरच्या कराची जी यादी येते तिच्यात, दिसत नाहीत, त्या व्यापाऱ्यानं रिटर्न भरलं नाही का? तिथला पोरगा मान वर न करता म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला डोकं लावताय? बिलांची पिशवी द्या फक्त."

पिशवी! इतकी वर्षं पिशवीच देतेय की. दुकान माझं, उधारी माझी, आणि नफा किती झाला हे सांगणार दुसरा. तेही वर्ष उलटल्यावर.

म्हणून तर पन्नाशीत टॅली, हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायला बसले. पहिल्याच महिन्यात प्रताप केला. गल्ल्यातले १,८६,००० बँकेत भरले होते, त्याचं 'बँक भरणा' असं खातं उघडलं आणि ठेवलं इनडायरेक्ट एक्स्पेन्सेसमध्ये, म्हणजे खर्चात. दुकान तोट्यात! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. क्लासचे सर म्हणाले, "एफ५ नाही, एफ४ दाबा." का, ते नाही सांगितलं.

सांगितलं अण्णांनी. माझे वडील, जन्मभर कापडाच्या पेढीवर दिवाणजी. कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. म्हणाले, "अगं, गल्ल्यातून बँकेत गेले म्हणजे खर्चले का? या खिशातले त्या खिशात." एफ५ म्हणजे पेमेंट, पैसे दिले; एफ४ म्हणजे कॉन्ट्रा, आणि कॉन्ट्रा म्हणजे खिसेबदल, झालं! डेबिट म्हणजे नावे, क्रेडिट म्हणजे जमा. आपण कीर्द, म्हणजे रोजची नोंद लिहायची; खतावणी, म्हणजे ती ज्या त्या खात्यावर चढवणं, टॅली स्वतः करतं. हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते. पण नाही, क्लासात नुसती बटणं पाठ करून घेतात. आणि बाई दिसली की "घरी मुलगा नाही का? त्याला पाठवा."

बरं, मान्य. रिटर्न मी स्वतः भरणार नाही, चुकलं तर दंड मलाच. आणि त्या पोराच्या टेबलावर पिशव्यांचा ढीग होता, तीन वाजून गेले तरी डबा उघडला नव्हता बिचाऱ्यानं. रागावले नाही मग. पिशवीही दिली नाही. खरेदीचं रजिस्टर छापून नेलं होतं, ते ठेवलं समोर. ७,५६० च्या ओळीखाली लाल रेघ मारून. तेव्हा कुठे मान वर झाली.

आत्ता रात्रीचे साडेदहा. रोख शिल्लक ३५० नं जुळत नाहीये. चहाचे लिहिले, टेम्पोचे लिहिले. अण्णा पलंगावरून विचारतायत, "हमाली लिहिलीस का?"

नाही लिहिली.