आमची माणसं

सकाळी ओपीडीच्या आधी ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं. रेपिन या चित्रकाराचं कोसॅकांचं, म्हणजे जुन्या लढवय्या घोडेस्वारांचं, चित्र, वर लिहिलंय 'बॉसच्या मेलला रिप्लाय टाकताना आमची टीम'. इथवर ठीक. मीही हसलो. पण खाली एका महाभागाने टाकलं, 'रशियन लोक दुसरं काय करणार, ढोसून खिदळणार', आणि त्याला अंगठ्यांची रांग.

अरे बाबांनो, ते झापोरोझियाचे कोसॅक आहेत, युक्रेनचे! तुर्की सुलतानाचं फर्मान आलं, शरण या. त्याला शिव्यांची लाखोली लिहून पाठवतायत.

युक्रेनमधल्या खारकीवला शिकत असताना आमची घरमालकीण मला तिथल्या कलासंग्रहालयात घेऊन गेली होती. बाबुस्या म्हणायचो तिला आम्ही, म्हणजे आजीच. रेपिनने हे चित्र दोनदा केलं, दुसरं त्या संग्रहालयाचं. मला वाटलं, आता तासभर पिळणार. बाई काहीच बोलली नाही. हातातली लोकरी टोपी चुरगाळत उभी राहिली आणि हळूच गुणगुणायला लागली. डॅन्यूब नदीपार निघालेल्या कोसॅकचं गाणं, मागे रडणारी पोरगी. (ही चाल बेथोव्हेननेही घेतलीय, पण बाबुस्याला त्याचं काय!) कोपऱ्यातल्या खुर्चीवरची राखणदारीण उठून आली. म्हटलं, आता हाकलणार. तर तीच दुसऱ्या ओळीला सामील झाली.

चित्रात गाणं कुठाय म्हणता? लाल अंगरख्यातला, पांढऱ्या टोपीचा, पोट धरून हसणारा तो ढेरपोट्या बघा. त्याच्यासाठी मॉडेल म्हणून बसला होता रुबेत्स, रशियातल्या पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकवणारा, युक्रेनी लोकगीतं गोळा करणारा माणूस. मधला लेखणीवाला कारकून म्हणजे यावोर्नित्स्की, कोसॅकांचा इतिहासकार. त्यानेही आयुष्यभर गाणी जमवली, 1906 मध्ये छापली. हे तुमचे बेवडे! आणि खुद्द रेपिन खारकीवजवळच्या चुहुइव्हचा. 1880 ते 1891, एवढी वर्षं त्या हसण्यापायी घातली त्याने.

हो, ते पत्र बहुधा दंतकथाच आहे. हो, पहिलं चित्र झारनेच घेतलं, 35,000 रूबलला, आणि ते आजही पीटर्सबर्गलाच आहे. बाबुस्याही घरात रशियनच बोलायची. गाताना मात्र कधीच नाही.

जाऊ दे. ज्याने लिहिलं त्या पोराला कोण सांगायला गेलं होतं हे सगळं? मलाही त्या बाईने हाताला धरून नेलं नसतं तर मीही अंगठाच दिला असता.

मार्च 2022 मध्ये, युद्ध पेटल्यावर, खूप खटपटीनंतर तिचा फोन लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीला काच नव्हती, प्लास्टिक लावून बसली होती. आणि विचारत काय होती, तर संग्रहालयाच्याही खिडक्या फुटल्यात म्हणतात, आमच्या माणसांना कुणी हलवलं का रे?

मी हजारो मैलांवर, मला काय ठाऊक! म्हटलं, हो, हलवलं.